चालकाचं वैयक्तिक सामान

टुंडुमात दहा वाजलेले असतात
तेव्हा नकोंडेत नऊ.
मधे एक फाटक, एक गटार,
आणि उकडलेली अंडी विकणारा पोरगा.
तो दिवसातून चाळीसदा तासाभरानं लहान-मोठा होतो,
त्याला कुणी कागद मागत नाही.

मी अन्येल्विस्ये म्वाकालिंगा.
माझे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात:
ट्रकचा परवाना, माझा परवाना,
विम्याचं पिवळं कार्ड, लशीचंही पिवळंच,
मालाची यादी पाच प्रतींत,
आणि काम करायची मुभा.
काम म्हणजे गाडी चालवणं, तेवढंच.
पंक्चर काढणं त्यात येतं का
हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

नियम तसा सोपा.
तुसेकिले, आमची एजंट, दात कोरत सांगते:
बाहेरून आत आण. आतून बाहेर ने.
आतल्या आत हलवायचं नाही, एक गोणीसुद्धा नाही,
त्यांच्या पोरांच्या पोटावर पाय नको.
खरं आहे ते.
ती पोरं मी पाहिली आहेत चिन्सालीच्या वळणावर,
लायसन खिशात घेऊन बसलेली, ट्रकवाचून.

म्हणून एन्डोलाला खत उतरवलं
की येताना नऊशे किलोमीटर
माझ्यामागे बारा मीटर वारा.

म्पिकाच्या पुढे बाना कासोंदेनं हात केला.
शेजारी पायानं चालवायचं शिलाई मशीन,
चादरीत गुंडाळलेलं,
आजारी माणसाला दवाखान्यात नेतात तसं.
लेकीनं नकोंडेत दुकान थाटलंय. एवढा मोठा ट्रक, बाबा.
मी नियम सांगितला.
तिनं सगळा ऐकून घेतला, मधे एकदाही न बोलता.
"मग हे तुझं," म्हणाली.
"दिलं तुला. स्वतःचं सामान तर नेशील?
नकोंडेत पोचलास की मनाचा मोठा हो."

इसोका फाट्यावर अडवलं.
साहेब सिचोने. बॅटरीचा झोत मशीनवर, मग माझ्यावर.
कुणाचं?
माझं.
शिवतोस?
शिवतो.
त्यानं तिथेच शर्ट काढला,
खिशाची कड उसवलेली,
आणि बनियनवर उभा राहिला.
शिव.

आजवर मी ताडपत्री शिवलेली, दाभणानं.
पाय पायट्यावर ठेवला
तो क्लचसारखाच दाबला गेला.
चाक उलटं फिरलं, दोरा तुटला.
दुसऱ्यांदा त्यानंच ओवून दिला.
त्याची आई शिवायची म्हणे, कसामाला,
शाळेचे गणवेश.
शीव ओलांडता ओलांडता केस पिकले माझे,
शिवण घातली ती त्या रात्री पहिल्यांदा.
वाकडी आली. खिसा मात्र जागेवर राहिला.
त्यात पेन अडकवून पाहिलं त्यानं,
आणि तेच काढून लिहिलं:
चालकाचं वैयक्तिक सामान. मशीन एक. काळं.
वर शिक्का.

कासोंदेला मशीन पोचलं. चहा झाला.
रांगेच्या चौथ्या दिवशी
खिडकीतली बाई म्हणाली,
कागदावर मशीन आहे, ट्रकमध्ये नाही. विकलंत?
विकायची मुभा माझ्याकडे नाही, मी म्हटलं.
दिलं.
द्यायची मुभा आहे का
हे तिनं जाड पुस्तकात बराच वेळ शोधलं.
मागे हॉर्न वाजत होते.
आहे असं सापडलं नाही, नाही असंही सापडलं नाही.
पुढच्या खेपेला घेऊन या, म्हणाली.

तेव्हापासून माझ्या नावावर एक मशीन आहे.
दर खेपेला विचारतात.
दुरुस्तीला टाकलंय, मी सांगतो.
अगदीच खोटं नाही ते.
गेल्या महिन्यात त्याचा पट्टा तुटला,
नवा मीच नेला टुंडुमाहून,
बाहेरून आत,
यादीत लिहून, जकात भरून.